शीळ

तपासणीच्या गाळ्यात नवा पेंढा पसरलाय, कोरडा, सोनेरी.
बाहेर लिम्बुर्खच्या पॉप्लरांमागे
ट्रकांचे दिवे एकेक करून घरी निघालेत.
डॉक्टर यूस्ट लांब काठीला प्याला अडकवून उभे,
कालव्याकाठी गळ टाकून बसणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे.
म्हणतात, "घाई नाही, लिझलॉट. तिला हवं तेव्हा."

मी शीळ घालते.
दोन सूर, दुसरा खालचा, लांब.
ती शिंगरू असताना मीच लावलेली सवय:
ट्रकमध्ये चढण्याआधी, शीळ ऐकली की मोकळं व्हायचं.
आठ वर्षांत या दोन सुरांना तिने कधी नाही म्हटलं नाही.
आज मान वळवून बघते फक्त.
आणि मला, आता सांगतेच,
पहिल्यांदाच वाटतं: नको ऐकूस.

कारण मंगळवारी तिचा पुढचा डावा पाय
कढत होता. मागच्या बाजूला, कंडरेवर, चार बोटं जागा.
मी हात लावून पाहिला. झ्देन्कानं पाहिला.
फान डेन बॉस्खनी पाहिला,
ज्यांची ही घोडी, ज्यांचा ट्रक,
ज्यांच्या तबेल्यावरच्या दोन खोल्यांत मी राहते.
ते म्हणाले, "रविवारपर्यंत बघू."

बुधवारी खोगिरांच्या खोलीत, खिडकीत,
एक रिकामी नळी होती. हिरवं टोपण.
सफरचंदाचा वास.
मी ती उचलली नाही, वाचली नाही.
थोडी बाजूला सरकवली
आणि तिथे माझे हातमोजे ठेवले.
एवढंच केलं मी.
एवढंच,
हे कुठल्या तोंडानं म्हणू?

शुक्रवारी पाय थंड.
किती खूश झाले होते मी!

आज दुसऱ्या फेरीत, तिहेरी अडथळ्यावर,
ती अशी उडाली की पोटात खड्डा पडला माझ्या.
लोक उभे राहिले.
जिथे दुखायचं होतं तिथे दुखलं नाही,
म्हणून ती थांबली नाही,
म्हणून मी जिंकले.

सकाळच्या अर्जात एक रकाना होता:
गेल्या सात दिवसांत दिलेली औषधे.
मी आडवी रेघ ओढली, दर वेळी ओढते तशी.
त्याखाली छापलेलं: जबाबदार व्यक्ती.
म्हणजे मालक नव्हे. नळी पिळणारा हात नव्हे.
घोडीला तर सही येत नाही.
जबाबदार म्हणजे जी पाठीवर बसते ती.
आणि घोडं नेमकं इथेच पेंड खातं:
पाठीवरून तिचं तोंड दिसत नाही,
कान दिसतात फक्त.
आम्ही सगळे हेच म्हणतो, चौकशी बसली की.
पण कान पुरतात. लहानपणी तट्टावर बसवलं
तेव्हापासून कान पुरतात.

ओठ कोरडे पडलेत. पुन्हा शीळ.
सूर फाटतो, नुसती हवा.
तिला तेवढीही चालते.
मागचे पाय फाकवते, शेपूट उचलते,
आणि सगळं काही देऊन टाकते
प्याल्यात, वाफेसकट.

दोन बाटल्या. दोन झाकणं, मोडल्याशिवाय न उघडणारी.
"डॉक्टर, तो सकाळचा अर्ज द्या जरा."
"तो गेला, पोरी. पाकिटात, मोहोर लावून."
वरातीमागून घोडं.
तरी मी बोलले.
बुधवार. खिडकी. हिरवं टोपण. हातमोजे.
ते नुसतेच ऐकत होते. मग त्यांनी पेन काढलं.
खिशात फोन थरथरत होता, फान डेन बॉस्ख असणार.
थरथरू दिला.

झ्देन्का बर्फाची बादली घेऊन आली.
माझ्याकडे न बघता तिनं पट्टी सोडली.
मी वाकून तळवा ठेवला.
कढत.
मंगळवारी होता तेवढाच,
कदाचित जास्त.
घोडीनं तो पाय उचलला
आणि माझ्या हातात दिला,
रोज देते तसा.